साठ लाखांचा परवाना

१९१२ सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडनचे परराष्ट्र खाते एका चमत्कारिक पेचात सापडले होते. चीनमधील छिंग घराण्याची बादशाही फेब्रुवारीत संपली होती. युआन शिकाईच्या नव्या प्रजासत्ताक सरकारची तिजोरी रिकामी होती, आणि फौजेचे पगार थकले होते. कर्ज द्यायला सहा राष्ट्रांच्या बँकांचा एक संघ तयार होता. पण त्याच्या अटी जाचक होत्या. मिठाच्या करावर परकी देखरेख हवी, खर्चावर परकी तपासणी हवी. अशा वेळी चार्ल्स बर्च क्रिस्प नावाचा लंडनचाच एक दलाल पुढे आला आणि त्याने शेकडा पाच व्याजाने एक कोटी पौंडांचा करार करून टाकला. त्याच्या अटी बँकसंघाच्या मानाने सौम्य होत्या. आता परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे आणि त्यांचे अधिकारी यांच्यापुढे प्रश्न असा, की आपल्याच देशाच्या माणसाला, आपल्याच देशातील लोकांचा पैसा, परक्या सरकारला उसना देण्यापासून अडवायचे कोणत्या अधिकारात?

कायदा नव्हता. म्हणून दबाव आला. क्रिस्पला समज देण्यात आली, पेकिंगमध्ये ब्रिटिश वकील सर जॉन जॉर्डन यांनी चिनी सरकारला नाराजी कळवली. तरी निम्मे कर्ज, म्हणजे ५० लाख पौंड, बाजारात विक्रीला आलेच. उरलेले निम्मे चीनने रद्द करून घेतले आणि त्यापायी क्रिस्पला दीड लाख पौंड भरपाई मोजली. न घेतलेल्या कर्जासाठी दीड लाख पौंड! पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१३ मध्ये, बँकसंघाचे अडीच कोटी पौंडांचे 'पुनर्रचना कर्ज' युआनने संसदेला न विचारता घेतले. १०० पौंडांच्या रोख्यामागे चीनच्या हाती ८४ पडायचे होते. विरोधी पक्षाचे नेते सन यत्सेन यांनी परदेशांना विनवले की हा पैसा देऊ नका, तो आमच्याविरुद्ध लढाईत खर्च होईल. पैसा दिला गेला, आणि जुलैत लढाई झाली.

चीनची ही हकिकत मराठी वाचकाला दूरची वाटेल. पण परक्या दरबाराला आपल्या लोकांनी कर्ज द्यावे की नाही, हा वाद इंग्रज अधिकारी यापूर्वी ९२ वर्षे आधी कलकत्त्याच्या कौन्सिलात तावातावाने घालून बसले होते, आणि त्या वेळी गहाण होता तो औरंगाबाद आणि वऱ्हाडचा महसूल. त्या वादाची कागदपत्रे १८२४ मध्ये लंडनला छापली गेली. 'हैदराबाद पेपर्स' या नावाने ओळखला जाणारा तो जाडजूड ग्रंथ मी गेली काही वर्षे वाचतो आहे. कंपनीच्या साहेबांचे इंग्रजी पल्लेदार असते. एका वाक्यात तीन पोटवाक्ये आणि शेवटी एक चिमटा. तो चिमटा कळेपर्यंत पहिले पोटवाक्य विसरायला होते. पण एकदा सवय झाली की कादंबरी मागे पडावी अशी ती गोष्ट आहे.

तिची सुरुवात मात्र मद्रासेकडे होते. अर्काटचा नवाब महंमद अली याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या नोकरांकडूनच बेसुमार कर्जे घेतली. पॉल बेनफिल्ड हा त्यांतला सर्वांत बदनाम सावकार. दिवसा कंपनीचा नोकर म्हणून नवाबावर हुकमत गाजवायची आणि रात्री त्याचा धनको म्हणून व्याज मोजायचे, असा हा धंदा होता. कर्जाच्या वसुलीसाठी नवाबाने तंजावर लुटावे म्हणून कंपनीच्या फौजा वापरल्या गेल्या. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने पार्लमेंटात या कर्जांवर जे भाषण केले ते इंग्रजी वक्तृत्वाचा नमुना म्हणून आजही वाचले जाते. भाषणाचा तात्काळ उपयोग शून्य झाला. कर्जे मान्य झाली. परंतु भीती शिल्लक राहिली आणि १७९७ च्या कायद्यात एक कलम शिरले: कंपनीच्या संचालकांची किंवा इथल्या गव्हर्नर-इन-कौन्सिलची लेखी परवानगी असल्याखेरीज कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने देशी राजाला कर्ज देता कामा नये, मिळवून देता कामा नये, त्यात भागीही होता कामा नये. दिल्यास तो गुन्हा.

हे कलम नीट वाचले पाहिजे. त्यात बंदी आहे, आणि बंदीतच दार आहे. परवानगी असेल तर कर्ज देता येते. म्हणजे यापुढे प्रत्येक कर्ज हा दोन पक्षांमधला व्यवहार न राहता तिघांचा झाला: देणारा, घेणारा आणि परवाना देणारा. तिसऱ्याने सही केली की त्याचे वजन पहिल्याच्या पारड्यात पडते. हैदराबादेत पुढे जे झाले ते या एका गोष्टीमुळे.

आता पामर घराण्याकडे वळू. जनरल विल्यम पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुण्यास पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते. रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. तिथून निघालेले पाणी आमच्या मांजरीवरूनच पुढे जाते. या पलीकडे या गोष्टीशी मांजरीचा संबंध नाही, पण संगमपुलावरून जाताना मला आता तो बंगला आठवल्यावाचून राहत नाही. पामरसाहेबांच्या पत्नी फैज बख्श या मुसलमान खानदानी स्त्री. त्यांचा मुलगा विल्यम पामर हा निजामाच्या फौजेत नोकरीला होता. ती सोडून त्याने १८१० नंतरच्या काही वर्षांत हैदराबादेत 'विल्यम पामर आणि कंपनी' ही पेढी उभी केली. भागीदारांत त्याचा भाऊ हेस्टिंग्ज पामर होता, बंकटीदास हा गुजराती सराफ होता. कलकत्त्याचा बडा व्यापारी जॉन पामर हा विल्यमचा सावत्र भाऊ. मग त्यात सर विल्यम रम्बोल्ड आला. रम्बोल्डची बायको ही गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांनी मुलीसारखी वाढवलेली. (हे वॉरन हेस्टिंग्ज नव्हेत. १८१८ मध्ये पेशवाई बुडवणारे ते हे.)

निजाम सिकंदर जाह राज्यकारभारातून अंग काढून बसला होता. मुनीर-उल-मुल्क नावाचा दिवाण होता तो केवळ नावाचा. सगळी सत्ता पेशकार राजा चंदूलाल याच्या हाती, आणि चंदूलाल रेसिडेंट हेन्री रसेलच्या हाती. रसेलने निजामाच्या खर्चाने इंग्रज अंमलदारांखाली कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. 'रसेल ब्रिगेड' हे तिचे नाव. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध जी फौज लढली तीत ही ब्रिगेड होती. पैसा निजामाचा, अंमलदार इंग्रज, आणि उपयोग कंपनीला. अशा फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला व्हायलाच हवा, नाहीतर साहेब लोक रेसिडेंटकडे तक्रार करणार. निजामाचा महसूल मात्र हंगामावर यायचा, तोही इजारदारांच्या हातून गळत गळत. मधली फट भरायला सावकार लागतो. ती फट पामर पेढीने भरली.

व्यवहार कसा चाले, ते थोडक्यात सांगतो. पेढी दरमहा फौजेला रोख पगार देई. बदल्यात चंदूलाल तिला अमुक तालुक्याच्या महसुलावर 'तनखा' लिहून देई, म्हणजे तिथल्या तहसिलीतून परस्पर वसूल करण्याचा हक्क. औरंगाबादच्या पलटणींचा हिशेब वेगळा, वऱ्हाडच्या घोडदळाचा वेगळा. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस. हैदराबादच्या बाजारात दरबाराला कर्ज देणारे इतर साहुकार याहून फार स्वस्त होते असे नाही. दरबार म्हणजे बुडवणारे कूळ, आणि बुडवणाऱ्या कुळाला व्याज चढेच लागते. पण इतर साहुकारांना बुडण्याची भीती खरोखर होती. पामर पेढीची कचेरी रेसिडेन्सीच्या छायेत होती, रेसिडेन्सीतले अधिकारी तिच्यात पैसे गुंतवून होते, आणि तिच्या वसुलीला नाही म्हणायची चंदूलालची प्राज्ञा नव्हती. धोका नसताना धोक्याचे व्याज मिळत होते. सगळ्या प्रकरणाची मेख मला इथे दिसते.

१८१६ च्या जुलैमध्ये पेढीने १७९७ च्या कलमाखाली परवाना मागितला आणि तो मिळाला. अट एवढीच, की रेसिडेंटला वाटेल तेव्हा व्यवहाराचे स्वरूप पाहता यावे. रसेलला ते फारसे पाहावेसे वाटले नाही. कंपनीच्या प्रजाजनांना शेकडा बारावर व्याज घ्यायला बंदी होती. ती निजामाच्या मुलखात लागू होत नाही असा कायदेशीर सल्लाही कलकत्त्याच्या अॅडव्होकेट-जनरलकडून मिळाला.

मग आले १८२० साल. चंदूलालने साठ लाखांचे एकठोक कर्ज मागितले. कारणे सांगितली ती ऐकायला उत्तम: थकलेले पगार द्यायचे, जुन्या साहुकारांची महागडी देणी फेडायची, रयतेला तगाई द्यायची. व्याज अठरा टक्के, परतफेड दरसाल सोळा लाख. कर्जाला कौन्सिलची मंजुरी हवी होती, आणि इथे अधिकाऱ्यांमध्ये उभी फूट पडली.

जेम्स स्टुअर्ट आणि जॉन अॅडम हे दोन सभासद विरोधात गेले. त्यांचे म्हणणे असे, की ज्या कर्जावर कौन्सिलची मंजुरी आहे ते कर्ज हैदराबादेत कोणीही खासगी समजणार नाही. उद्या वसुली अडली तर पेढी रेसिडेंटकडे येईल आणि रेसिडेंटला निजामाचा हात पिरगाळावा लागेल. शिवाय, कर्ज खरोखर आवश्यक असेल तर खुद्द कंपनी याहून कितीतरी कमी व्याजाने ते का देत नाही, किंवा निदान इतर सावकारांचे दर का विचारले नाहीत? गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांचे उत्तर होते की निजामाच्या घरात नाक खुपसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याला पैसा हवा आहे, पेढी द्यायला तयार आहे, दर पूर्वीपेक्षा उतरलेला आहे, आणि आपण अडवले तर तो अधिक महाग सावकाराकडे जाईल. मते समसमान पडली. हेस्टिंग्जनी आपले निर्णायक मत कर्जाच्या बाजूने टाकले.

कर्ज मंजूर झाले तेव्हा एक पत्र समुद्रावर होते. लंडनच्या संचालकांनी मे १८२० मध्येच १८१६ च्या परवान्याबद्दल तीव्र नापसंती लिहून तो मागे घ्यायला सांगितले होते. केपला वळसा घालून जहाज यायला पाच-सहा महिने लागत. त्या अवधीत साठ लाखांची नोंद वह्यांत होऊन गेली.

वर्षाच्या अखेरीस रसेल गेला आणि चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. पस्तीस-छत्तीस वर्षांचा, दिल्ली गाजवलेला, पामर मंडळींशी घरोबा असलेला माणूस. त्याने मुलूख फिरून पाहिला. जबरदस्त सारा, ओसाड गावे, इजारदारांची मनमानी. आणि तालुक्यातालुक्यात पेढीचे वसुली करणारे लोक, ज्यांना रयत सरकारचेच समजे. पेढी ही राज्यातले दुसरे राज्य झाली आहे, असे त्याचे मत बनले. मग त्याने हिशेब मागितले.

साठ लाखांपैकी आठ लाख हा पेढीने स्वतःला दिलेला 'बोनस' निघाला. म्हणजे कागदावर ६०, दरबाराच्या नावे खरे जमा ५२. साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे: साठ लाखांवर अठरा टक्के म्हणजे १० लाख ८० हजार, पण खरे मुद्दल ५२ लाख असेल तर तेच व्याज पावणेएकवीस टक्क्यांवर जाते. दरसालच्या सोळा लाखांतून हे व्याज गेले की मुद्दलात पाच लाख वीस हजारच वळते व्हायचे. आणि त्या ५२ लाखांतलाही बराचसा भाग नव्याने आलेला पैसा नव्हता. पेढीचीच जुनी येणी नव्या खात्यावर ओढली होती. रयतेला तगाई देण्याचे जे कारण पुढे केले होते ते कारणापुरतेच राहिले.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता: व्याजाने मुद्दलाला गाठले की थांबायचे. खेड्यातल्या कुळाला त्याचा आधार असे. खाते मधूनच बंद करून व्याजासकट नवे मुद्दल लिहिले, की दामदुपट पहिल्यापासून मोजायची. पुढे १८७५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी मारवाड्यांच्या वह्या जाळल्या, त्या वह्यांतही हीच युक्ती होती. हैदराबादेत ती राज्याच्या आकाराची होती.

मेटकाफने उपाय सुचवला: कंपनीने स्वतःच्या हमीवर सहा टक्क्यांनी कर्ज उभारून निजामाला द्यावे आणि पामर पेढीचे सगळे खाते एका फटक्यात मिटवावे. हेस्टिंग्ज संतापले. त्यांच्या पत्रांतून दुखावलेला कुटुंबप्रमुख दिसतो. रम्बोल्डविषयी बोलताना त्यांचा तोल जातो. मेटकाफची योजना त्यांनी फेटाळली. पण माणूस लाचखाऊ होता असे मला कागदांवरून वाटत नाही. त्यांनी स्वतः पैसा खाल्ल्याचा पुरावा नाही. जिव्हाळ्याच्या माणसाच्या धंद्यात त्यांना सार्वजनिक हित दिसू लागले. हे अधिकाऱ्यांचे दुखणे जुने आहे आणि त्याला औषध सापडलेले नाही.

जानेवारी १८२३ मध्ये हेस्टिंग्ज मायदेशी निघाले आणि हंगामी गव्हर्नर-जनरलच्या खुर्चीत बसले ते जॉन अॅडम, तेच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी विरोधी मत दिले होते. प्रकरण लगेच निकालात निघाले. निकालाची पद्धत पाहण्यासारखी आहे. उत्तर सरकार म्हणजे आंध्राच्या किनाऱ्यावरील जिल्हे कंपनीकडे होते, आणि त्यापोटी कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. हे सात लाख सहा टक्के व्याज मानून त्यांचे मुद्दल काढले: १,१६,६६,६६६ रुपये. ही रक्कम एकदम देऊन कंपनीने पेशकश कायमची बंद केली आणि त्या पैशातून पेढीचे देणे भागवले. १८२४ मध्ये पेढी बुडाली.

म्हणजे निजाम कर्जातून सुटला, हे खरे. पण त्याचे कायमचे वार्षिक उत्पन्न गेले, आणि ते देणे ज्याच्या डोक्यावर होते ती कंपनी मोकळी झाली. कर्जाला विरोध करणाऱ्यांच्या हातून हे घडले. शिवाय मेटकाफने रयतेच्या संरक्षणासाठी म्हणून निजामाच्या जिल्ह्यांत इंग्रज अधिकारी देखरेखीला बसवले. रयतेला त्याचा काही काळ फायदाही झाला असावा, कारण साऱ्याचे करार ठरून गेले. पण पेढीचा माणूस तालुक्यातून उठला आणि रेसिडेंटचा माणूस तिथे बसला, हे नाकारता येत नाही.

अमेरिकन इतिहासकार कॅरन लेनर्ड यांनी या प्रकरणाकडे अगदी उलट बाजूने पाहिले आहे. त्यांच्या मते पामर पेढी ही मुळात हिंदुस्थानी पेढी होती: मिश्र रक्ताचे पामर, गुजराती सराफ, स्थानिक दरबाराशी पिढीजात संबंध. कंपनीने तिला गोऱ्यांची लुटारू टोळी म्हणून रंगवले आणि मोडली, आणि त्यामुळे हैदराबादचे स्वतःचे पतपुरवठ्याचे जाळे दुबळे झाले. या मांडणीत तथ्य आहे. विल्यम पामर पेढी बुडाल्यावरही कुठे पळून गेला नाही. १८६७ मध्ये तो हैदराबादेतच वारला. पण आठ लाखांच्या बोनसचे उत्तर या मांडणीत मला सापडत नाही, आणि तालुक्यात वसुलीला गेलेला माणूस देशी की गोरा याने औरंगाबादच्या कुणब्याला काय फरक पडला असेल, हेही कळत नाही. त्या कुणब्याचा एकही कागद 'हैदराबाद पेपर्स'मध्ये नाही. सन यत्सेनला निदान तार करता आली.

त्याच सुमारास पश्चिमेकडे बडोद्यात हाच पेच दुसऱ्या रूपात चालू होता. १८०२ मध्ये गायकवाडांच्या अरब शिबंदीचे थकलेले पगार चुकते करण्यासाठी कंपनीच्या मेजर वॉकरने बडोद्याच्या साहुकारांकडून कर्ज उभे करवले आणि त्याला कंपनीची 'भांदरी' दिली. भांदरी म्हणजे हमी. आज साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देते आणि ती द्यावी की नाही यावर अर्थ खाते व सहकार खाते भांडते. मांजरीला ऊसवाल्यांच्या संगतीत राहणाऱ्याला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. हमीदाराची सही झाली की सावकार ऋणकोची पत बघायचे सोडून देतो. १८२० मध्येच मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बडोद्याला गेले आणि सयाजीराव दुसरे यांच्याशी त्यांनी ठरवले की राज्य महाराजांनी चालवावे, मात्र भांदरीची कर्जे फेडावीत. महाराजांनी फेडण्यात टाळाटाळ केली. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने साहुकारांच्या येण्यासाठी महाराजांचे परगणेच जप्त केले. म्हणजे स्टुअर्ट आणि अॅडम यांनी हैदराबादबद्दल जे भाकीत केले होते ते बडोद्यात अक्षरशः खरे ठरले. १८३२ मध्ये लॉर्ड क्लेअरने तडजोड करून मुलूख परत दिला.

हैदराबादेत पामर गेल्यावर ती फट रिकामी राहणे शक्यच नव्हते. ब्रिगेडचे आता 'कंटिन्जंट' झाले होते आणि तिचा पगार थांबणार नव्हता. इंग्रज पेढीला मज्जाव झाला तेव्हा पारशी पेढी आली: आपल्या पालघरकडच्या तारापूरच्या भावांची 'पेस्तनजी विकाजी'. १७९७ चे कलम त्यांना आडवे आले नाही. वऱ्हाडात त्यांनी कापूस दाबायचे कारखाने काढले, औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेला त्यांचा 'पेस्तनशाही' रुपया नाणेसंग्राहकांना माहीत असतो. वऱ्हाडचे जिल्हे त्यांच्याकडे तारण होते. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला, दरबाराने ते जिल्हे काढून घेतले, आणि पेढीने कंपनीकडे दाद मागितली. आता मात्र अधिकाऱ्यांना तत्त्व आठवले: हा खासगी व्यवहार आहे, सरकार मध्ये पडणार नाही. पेढी बसली. परवाना नसलेल्या सावकाराचे असेच व्हायचे.

मग पगार देणारा एकच उरला, खुद्द कंपनी. कंटिन्जंटचा पगार कंपनीच्या खजिन्यातून दिला जाऊ लागला आणि निजामाच्या नावे मांडला जाऊ लागला. यावर कौन्सिलात मतांची फूट पडल्याचे दिसत नाही. स्वतःचे कर्ज अडवायला कोणी उठत नाही. एका फौजेचा खर्च, जी निजामाने मागितली नव्हती आणि जिच्यावर त्याची हुकमत नव्हती, दहा वर्षांत चाळीस लाखांवर गेला. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने त्या कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभारात घेतला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे उरलेले कर्जही सोडून दिले गेले; वऱ्हाड मात्र मिळाले नाही. सर सालारजंग यांनी ते परत मिळवायला आयुष्य खर्ची घातले.

१८१६ ते १८५३ हा पट सलग समोर ठेवला की मला दिसते ते असे. कर्जाला विरोध करणारे अधिकारी खोटे नव्हते. स्टुअर्ट, अॅडम, मेटकाफ यांचे एकूणएक आक्षेप बरोबर ठरले. पण व्याजाइतकेच महत्त्वाचे दुसरे कलम, म्हणजे ती फौज, यावर त्यांच्यापैकी कोणीच बोट ठेवले नाही. फौज कमी करा असे कौन्सिलात कोणी म्हटले असते तर कर्जाची गरजच आटली असती. खर्च ठरवणारा एक, कर्ज अडवणारा तोच, आणि शेवटी कर्ज देणाराही तोच.

चीनच्या बाबतीत हीच गाठ वॉशिंग्टनमध्ये एकाने निदान बोलून दाखवली. १८ मार्च १९१३ रोजी, म्हणजे अध्यक्ष होऊन दोन आठवडे झाले असताना, वुड्रो विल्सन यांनी जाहीर केले की बँकसंघाच्या अटी चीनच्या कारभारी स्वातंत्र्याला हात घालतात, तेव्हा अमेरिकन सरकार त्या कर्जाला पाठिंबा देणार नाही. अमेरिकन बँका बाहेर पडल्या. उरलेल्या पाच राष्ट्रांनी पुढच्या महिन्यात कर्ज दिले. अलीकडे, २००९ मध्ये, हा खेळ उलटा झालेला आपण पाहिला: आशियाई विकास बँकेच्या भारतासाठीच्या कर्ज-आराखड्यात अरुणाचल प्रदेशातील पूरनियंत्रणाचे काम होते, म्हणून चीनने आक्षेप घेतला. तिथे प्रश्न व्याजाचा नव्हता, नकाशाचा होता. पण कर्जाला मंजुरी म्हणजे सत्तेला मान्यता, हे तत्त्व स्टुअर्टला अनोळखी वाटले नसते.

पुनर्रचना कर्जाच्या अटीप्रमाणे चीनच्या मिठाच्या करावर देखरेखीला एक परदेशी अधिकारी नेमायचा होता. त्यासाठी निवड झाली सर रिचर्ड डेन यांची. ते हिंदुस्थान सरकारचे अबकारी आणि मीठ खात्याचे इन्स्पेक्टर-जनरल होते. उत्तर हिंदुस्थानातल्या मिठावर कर कसा बसवायचा आणि वसूल कसा करायचा, यात त्यांची उमर गेली होती. निवृत्तीनंतर तीच विद्या ते पेकिंगला घेऊन गेले. त्यांनी वसुली वाढवली, कर्जाचे हप्ते वेळेवर गेले, आणि हप्ते भागून उरलेली शिल्लक युआनच्या सरकारला मिळू लागली.

डेन पेकिंगला पोचले त्या साली वऱ्हाड ब्रिटिशांकडे येऊन साठ वर्षे झाली होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून ते कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले होते, खंड दरसाल २५ लाख. पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. त्या २५ लाखांतूनही सुरुवातीची वर्षे एक ठरावीक रक्कम हिंदुस्थान सरकार कापून घेत होते, निजामाला दिलेल्या कर्जांच्या फेडीसाठी.